घंटीवाली वहिनी आणि तानूबाईची कानबाई

सोमवारी दुपारी आम्ही दमणगंगा नदीत कानबाई देवीला सोडून नरोलीला परत आलो आणि वहिनी रूमच्या दारात पायरीवर बसली. पायाला नदीचा चिखल होता. मी बादली भरून आणली. ती पाय धुता धुता मला बोलली, दुर्गाताई, तानूबाई म्हातारी रागावली का गं माझ्यावर?

मी बोलली, नाही गं, कशाला रागावेल.

मग बोलली का नाही? काल पण नाही बोलली, आज नदीवर पण नाही बोलली.

तिचा घसा बसलाय वहिनी, काय बोलेल ती.

घसा बसला तर मान तर हलते ना, वहिनी बोलली आणि हसली. मग बोलली पाठीत भरून आलंय, जरा पडते. आत जाऊन खालीच लवंडली, चटई पण घेतली नाही. शीतलने चहा ठेवला होता. शीतल म्हणजे वहिनीची मुलगी, नर्सिंगला आहे. शीतल कप घेऊन गेली आणि तिने असा आवाज दिला की माझ्या हातातली बादली पडली. चिंधाभाऊ, म्हणजे माझा सख्खा भाऊ, वहिनीचा नवरा, तो समोरून पळत आला. रिक्षा केली, सिल्वासाला सिव्हिलला नेलं. शीतल सगळ्या रस्त्याने तिची छाती दाबत होती, शिकलेलं सगळं केलं पोरीने. डॉक्टर बोलले, रस्त्यातच गेल्या.

आता लोक बोलतात की आदल्या दिवशी एवढी गायली म्हणून गेली. ते खोटं आहे. तिला दोन वर्षांपासून हृदयाचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या, डॉक्टरने ओझं उचलू नका सांगितलं होतं, गाऊ नका नाही सांगितलं. मी सोबत गेली होती म्हणून मला माहीत आहे. गाण्याला नाव ठेवू नका. गाण्यानेच ती होती.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, माझी वहिनी म्हणजे रोहिणी. घंटीवाली रोहिणी. "सायकलनी घंटी वाजाड ना रे, मी वट्टावर उभी", हे गाणं तुम्ही शंभर टक्के ऐकलेलं आहे. सगळ्या खान्देशात त्या टायमाला एक लग्न नव्हतं जिथे ते वाजलं नाही. सीडीचा जमाना होता. सीडीवर वहिनीचा फोटो, पिवळी साडी, हात सायकलच्या हँडलवर, आणि सायकल चालवता येत नव्हती तिला, ती मागून दोन माणसांनी धरली होती. ते फोटोत दिसत नाही. अमळनेरच्या स्टँडवर पानवाल्याने तिचा फोटो गणपतीच्या बाजूला लावला होता. सारंगखेड्याच्या जत्रेत बांगड्या विकायचे ते ओरडायचे, रोहिणी बांगडी, रोहिणी बांगडी. मी स्वतः घेतल्या होत्या. तेव्हा मला काय माहीत की ही आमच्याच घरात येईल.

भाऊ तिच्या ऑर्केस्ट्राचा जनरेटर चालवायचा. शिरपूरकडे एका गावात प्रोग्राम होता, गाणं अर्ध्यावर असताना जनरेटर बंद पडला. लाईट गेली, माईक गेला. बाकीचे वाजवणारे थांबले, ही थांबली नाही. बिनामाईकची गात राहिली आणि मागच्या झाडावर बसलेल्या पोरांनी पण ऐकलं. भाऊने घामाघूम होऊन जनरेटर सुरू केला तेव्हा गाणं संपलं होतं. ही माईकवर सगळ्यांसमोर बोलली, आता कशाला भाऊ, झालं आमचं. सगळं गाव हसलं. भाऊ बोलतो, तेव्हाच मी ठरवलं. आम्ही त्याला चिडवायचो, जनरेटर बिघडला म्हणून बायको भेटली तुला.

आमच्या आईला पसंत नव्हतं. स्टेजवाली सून. आई बोलली, सगळ्या खान्देशाने पाहिलेली पोरगी मी घरात कशी ठेवू. वहिनी आली, पहिल्याच दिवशी डोक्यावर पदर घेतला आणि भाकरी टाकायला बसली. भाकरी तिला येत नव्हती, हे खरं आहे. आईने ती भाकरी उचलून दाखवली आणि बोलली, ही पण सीडीच आहे का, मधोमध भोक पडलंय. वहिनी बोलली, हो आई, उलटी करून बघा, दुसऱ्या बाजूला पण गाणं आहे. आई तोंड फिरवून हसली. तेव्हापासून आईने तिला कोणाला नाव ठेवू दिलं नाही.

मग मोबाईल आला, पेनड्राईव्ह आला, सीडी कोणी घेईना. ऑर्केस्ट्रावाल्याने नवीन पोरी आणल्या. आमच्याकडे शेती नव्हती मोठी. भाऊचा एक दोस्त नरोलीला धाग्याच्या कंपनीत होता, त्याने बोलावलं. भाऊ गेला, मग वहिनी आणि लहान शीतल, मग मी पण आली माझ्या घरच्यांना घेऊन. आमच्या रूमच्या लाइनीत सगळे आपलेच, धुळे, नंदुरबार, शिरपूर, चोपडा. मालक गुजराती, सुपरवायझर यूपीचा, आणि रूमवर आलं की अहिराणी.

वहिनी पॅकिंगला लागली. धाग्याचे बॉबिन पेटीत भरायचे. मी तिच्या बाजूच्या टेबलावर. तिने कधी तोंड पाडलं नाही, मी देवाची शपथ सांगते. मी एकदा विचारलं पण होतं, वहिनी तुला वाईट नाही वाटत? तर बोलली, ताई, तिथे पण उभं राहून काम होतं, इथे पण उभं राहून आहे, इथे फक्त लाईट डोळ्यावर येत नाही.

पोरी तिला ए घंटी म्हणायच्या. ती बोलायची, घंटी काय म्हणते, घंटीबाई म्हण, मोठी आहे मी तुझ्याहून. गेटवर आपल्याकडचे नवीन भरती झालेले लोक थांबायचे, ताई एक फोटो, आमच्या लग्नात तुमचंच गाणं होतं. कंपनीची टोपी डोक्यावर, हातावर तेल, तशीच उभी राहायची. एक जण बोलला ताई टोपी काढा ना. ती बोलली, राहू दे, गावाला दाखवशील तर खरं दाखव. सुपरवायझरला काही कळेना. तो मला विचारायचा, ये लोग इनके साथ फोटो काय को निकालते है? मी सांगितलं, सर, ये हमारे उधर की बहुत बडी सिंगर है. तो बोलला, तो इधर क्या कर रही है? मी बोलली, आपका माल पॅक कर रही है.

कोणाच्या हळदीला बोलावलं तर जायची, गायची, मन लावून. पण तिचा जीव त्याच्यात नव्हता. तिचा जीव कानबाईच्या गाण्यात होता. ते सांगते.

कानबाई म्हणजे आपल्या खान्देशाची देवी, श्रावणात नागपंचमीच्या नंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी नदीवर जाते. नारळाची कानबाई, तिला नथ, डोळे, साडी, केळीच्या खांबांचा मांडव. तिची गाणी बायका म्हणतात. एक बाई पुढे बसते, ती ओळ उचलते, बाकीच्या मागून झेलतात. पुढची ओळ फक्त पुढच्या बाईला येते. वहिनीची आई त्यांच्या गावात पुढे बसायची. वहिनी लहान होती तेव्हा शिकव बोलली तर आई बोलायची, अजून तुझं वय नाही. मग वय झालं तेव्हा वहिनी स्टेजवर होती, सुरतला प्रोग्रामला असतानाच आई गेली. गाणी पण सोबत गेली.

नरोलीला आमच्या मागच्या लाइनीत तानूबाई राहते. पोराच्या नोकरीमागे आलेली म्हातारी, शिरपूरकडचीच. ती दरवर्षी रूममध्ये कानबाई बसवते, आणि आमच्यातल्या ज्यांना गावाला जाता येत नाही त्या सगळ्या बाया तिच्याकडे जमतात. आम्ही आलो त्या पहिल्या श्रावणात वहिनी माझ्यासोबत गेली आणि दाराबाहेरच उभी राहिली. मी बोलली चल ना आत. ती बोलली, थांब. ताई, हे माझ्या आईचं गाणं आहे गं. तोच मोड आहे, तिथेच श्वास घेतला म्हातारीने.

दुसऱ्या दिवशी ती तानूबाईकडे गेली, पायाला हात लावला, बोलली मावशी मला शिकवा, मी येते रोज, तुमचं पाणी भरते, दळण आणते. तानूबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू ती घंटीवाली ना?"

"हो मावशी."

"कानबाईले माईकवाली चालत नई."

"मावशी, माईक नाही आणत मी."

"माईक हातमा नई ऱ्हास, गळामा ऱ्हास. मांगे बठ. झेलनं तर झेल."

दुसरी कोणी असती तर उठून आली असती. माझी वहिनी मागे बसली. उंबऱ्याजवळ, चपलांच्या बाजूला. आणि दरवर्षी बसली. त्याच गळ्याने तिने माईक नसताना सगळं गाव धरून ठेवलं होतं, आणि इथे ती आमच्यासारख्या बेसूर बायांमध्ये आवाज दाबून झेलायची. मला राग यायचा. मी बोलली, एकदा सोड ना आवाज, कळू दे म्हातारीला. ती बोलली, मी जोरात गायली तर ती दबेल. तिला दाबून मला काय भेटणार आहे? मला पुढे बसायचं आहे, पण तिने बस बोललं तर.

बस एवढंच पाहिजे होतं तिला. तानूबाईने एकदा पुढे बस बोलावं. बाकी सगळं मिळालं होतं बाईला, फोटो, टाळ्या, जत्रेत नावाच्या बांगड्या. हे मिळत नव्हतं.

मागच्या वर्षीची गंमत सांगते. सोमवारी कानबाई नदीवर नेताना पोरांनी डीजे लावला. आणि लावलं कोणतं गाणं, तर सायकलनी घंटी. त्याच्यात धडामधुडुम टाकून. पोरं नाचायला लागली. तानूबाई काठी घेऊन सरळ डीजेच्या टेम्पोसमोर जाऊन उभी राहिली.

"बंद कर रे मुडदा!"

डीजेवाला पोरगा बोलला, "आजी, हे आपलं खान्देशचंच गाणं आहे, एकदम ओरिजनल."

"ओरिजनल मन्हा मांगे उभी शे. तिले तरी इचार."

सगळे मागे फिरून बघायला लागले. पोरगा टेम्पोतून उडी मारून खाली आला, वहिनीच्या पाया पडला, बोलला, "ताई, तुम्ही? मला तर वाटलं तुम्ही कधीच वारल्या!"

"नाही रे बाबा, पॅकिंगला आहे," वहिनी बोलली.

काय हसले लोक. कानबाई डोक्यावर घेतलेली बाई पण हसून हलायला लागली, तिला दोघींनी धरली. मग वहिनी त्या पोराला बोलली, आज हिचा दिवस आहे, माझा नाही. आज बंद ठेव, लग्नात वाजव पाहिजे तेवढं. पोराने बंद केलं. तानूबाईने वहिनीकडे बघितलं, बराच टाइम बघितलं. आणि वर्ष पलटलं तरी पुढे बस काही बोलली नाही.

आता ह्या वर्षीचा रविवार. तानूबाईची तब्येत उतरलेली होती, आवाजात खरखर. दिवेलागणीला मांडवात समई लावली, धूप फिरवला, खोली बायांनी भरली, पोरं खिडकीवर. तानूबाईने मोठं गाणं उचललं, कानबाई माहेराहून निघते ते. हे गाणं एकदा उचललं की खाली टाकायचं नसतं, अर्ध्यावर सोडणं म्हणजे देवीला वाटेत उभं करणं. दोन कडवी झाली. तिसऱ्याला तानूबाईने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. परत केलं. परत हवा. घोटभर पाणी दिलं. काही नाही.

आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. झेलायला आम्ही तीस बाया, पण उचलायचं काय? पुढची ओळ कोणाला येते? तानूबाईच्या सुनेला पण येत नाही, ती कधी शिकलीच नाही. तानूबाईच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, हात कानबाईसमोर तसाच उघडा.

आणि उंबऱ्याकडून ओळ आली.

वहिनीने आवाज फोडला नाही. जेवढ्या आवाजात तानूबाई गात होती तेवढ्याच आवाजात तिने ओळ उचलली, त्याच मोडाने, तिथेच श्वास घेऊन. एवढी वर्षं मागे बसून ती फक्त झेलत नव्हती, ती पुढची ओळ पण पाठ करत होती. आम्हाला पहिल्यांदा झेलायचं पण सुचलं नाही. मग मी झेललं, मग सगळ्यांनी. सगळ्या मागे वळून तिच्याकडे बघून गायला लागल्या तर कानबाईकडे पाठी झाल्या, हे पण चूकच. मग मी तिला हाताला धरून उठवलं आणि बोलली, सरक पुढे, आता लाजू नको. बायांनी गुडघे वळवून वाट दिली. ती तानूबाईच्या बाजूला जाऊन बसली आणि बाकीची सगळी कडवी म्हटली. एक शब्द चुकला नाही. मी माझ्या भावजयीचे प्रोग्राम बघितलेले आहेत, हजारो लोकांचे. तिला एवढं चांगलं गाताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तानूबाईने तिच्याकडे एकदा पण बघितलं नाही. समोर कानबाईकडेच बघत बसली. गाणं संपलं, आरती झाली, तानूबाई काठी टेकत आत निघून गेली. सोमवारी नदीवर पण काही बोलली नाही. म्हणून वहिनी मला विचारत होती पाय धुताना. बोलावल्याशिवाय पुढे गेली ना मी, असं तिच्या मनात. ते मनात घेऊन गेली बिचारी.

तिला अग्नी द्यायला एवढी माणसं आली की मालकाने विचारलं कोण मोठं माणूस गेलं. अथालहून आले, सिल्वासाहून आले, शिफ्ट सोडून आले. सुपरवायझर पण आला. 

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि भाऊ, शीतल आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो. सुतकात आपली चूल नसते, शेजारणी भाकरी पिठलं आणून ठेवत होत्या, कोणी खात नव्हतं. तेव्हा तानूबाई आली. सुनेने दंड धरला होता. मागच्या लाइनीतून इथपर्यंत तिला बराच वेळ लागला असेल. तिच्या हातात पांढऱ्या फडक्यात काहीतरी होतं. तिने भाऊच्या समोर बसून फडकं सोडलं.

रोट होते. कानबाईचे रोट.

आपल्या लोकांना कळेल, बाकीच्यांना सांगते. रोट म्हणजे नैवेद्याची पुरण भरलेली जाड पोळी. कानबाईचा रोट भाऊबंदाशिवाय कोणाला देत नाहीत. सख्खा शेजारी असला तरी नाही, जावई असला तरी नाही. कानबाईच्या आधी गहू काढतात तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन एकेक मूठ घेतात, त्याच गव्हाचे रोट होतात, आणि ते घरच्यांनीच संपवायचे. कणभर बाहेर जाऊ द्यायचा नाही, कणभर खाली सांडायचा नाही. एवढ्या वर्षांत आम्ही तानूबाईकडे कानबाईला गेलो, पण रोटाला कधी हात लावला नाही. आमचं कूळ वेगळं.

भाऊ बोलला, "मावशी, हे आम्हाला कसं चालेल?"

तानूबाईचा घसा अजून बसलेलाच होता. ती सुनेकडे बघून बोलली, "सांग त्याले."

सून बोलली, "दादा, गहू काढले तेव्हा आत्यांनी सगळ्यांची नावं घेतली, आणि मग एक मूठ वरून घेतली. मी विचारलं ही कोणाची. तर बोलल्या, रोहिणीनी. मी बोलली बाईची मूठ घेत नाहीत आत्या, ती पण दुसऱ्या कुळातली. तर बोलल्या, तू गहू पाखड. ह्या वर्षी मी तिले म्होरे बसाडसू."

पुढे बसवणार होती तिला. आणि गहू कधी काढतात? कानबाईच्या कितीतरी आधी. म्हणजे रविवारी म्हातारीचा आवाज जायच्या आधीच. शीतलने माझा हात घट्ट धरला.

भाऊ बोलला, "मावशी, पण आम्हाला सुतक आहे. सुतकात देवीचा रोट..."

"मलेबी शे," तानूबाई बोलली.

तेवढंच बोलली. मग तिने रोटाचे तुकडे केले आणि एकेक तुकडा हातावर ठेवला, आधी भाऊच्या, मग शीतलच्या, मग माझ्या. आम्ही खाईपर्यंत ती उठली नाही. तिसऱ्या दिवसाचा रोट कडक झालेला होता, आतलं पुरण सुकलेलं, चावायला वेळ लागत होता. भाऊ रडत रडत चावत होता. खाऊन झालं तेव्हा तानूबाईने फरशीवर बघितलं, भाऊच्या मांडीवर बघितलं, माझ्या पदरावर बघितलं. शीतलच्या ओढणीवर एक कणी पडलेली होती. ती तिने बोटाने टिपली आणि आपल्या तोंडात टाकली.